गुलाबी पाण्याचा हिशेब

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराने रंग बदलला. उपग्रहाने २५ मे रोजी टिपलेल्या चित्रात पाणी नेहमीसारखे हिरवे होते. १० जूनच्या चित्रात ते गुलाबी झाले होते. मधल्या पंधरवड्यात उल्कापाताने झालेल्या या विवराच्या काठावर कोणताही कारखाना उभा राहिला नव्हता, पाण्यात कुणी रंग सोडला नव्हता आणि आकाशातून नवे काही पडले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या बदलाची दखल घेतली, पाण्याचे नमुने तपासायला गेले आणि जुलैमध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने उत्तर दिले. पाण्यात हॅलोआर्किया नावाच्या, क्षारांत रमणाऱ्या सूक्ष्मजीवांची संख्या प्रचंड वाढली होती आणि गुलाबी रंग त्यांच्या अंगच्या रंगद्रव्याचा होता. पावसाळ्यात सरोवर पुन्हा हिरवटले आणि चर्चाही ओसरली. पण या घटनेचा खरा अर्थ ‘सूक्ष्मजीवांमुळे रंग बदलला’ या एका वाक्यात संपत नाही. हे सूक्ष्मजीव तिथे आधीपासून होते. मग त्यांची वेळ त्याच महिन्यात का आली? या प्रश्नाचा पाठपुरावा केला तर जगभरच्या गुलाबी सरोवरांकडे पाहण्याची आपली रीतच बदलते. गुलाबी रंग हा आजार नव्हे आणि चमत्कारही नव्हे. सरोवरात येणारे पाणी, त्यातून उडून जाणारे पाणी आणि मागे राहणारे क्षार यांचा जो हिशेब अखंड चालू असतो, त्याचे हे डोळ्यांना दिसणारे उत्तर आहे. म्हणून जपायचा तो हा हिशेब; रंग त्याच्या मागोमाग येतो आणि जातो.

हा हिशेब सजीवांसाठी इतका निर्णायक का ठरतो, ते आधी पाहू. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते. बाहेरचे मीठ पेशींतले पाणी ओढून घेते. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. ते प्रमाण पंधरा-वीस टक्क्यांवर गेले की बहुतेक जीवांच्या पेशींची गत या फोडींसारखी होते. तिथे टिकायचे असेल तर पेशीच्या आत काहीतरी साठवून बाहेरच्या ओढीला तोलून धरावे लागते. निसर्गात याचे दोन मुख्य मार्ग दिसतात. ‘ड्युनालिएला सलायना’ हे एकपेशीय शैवाल स्वतःच्या पेशीत ग्लिसरॉल तयार करून साठवते. बाहेर मीठ वाढले की ग्लिसरॉल वाढवायचे, मीठ घटले की ते कमी करायचे, असे त्याचे चालते. हॅलोआर्किया मात्र बाहेरच्या क्षाराला आतल्या क्षाराने उत्तर देतात. ते पोटॅशियमचे क्षार पेशीत भरून घेतात आणि त्यांची सगळी प्रथिने अशा खारट वातावरणातच नीट काम करतील अशी घडलेली असतात. त्यामुळे बहुतेक हॅलोआर्किया गोड्या पाण्यात सोडल्या तर फुटून मरतात. जे इतरांना मारते ते त्यांना जगवते, आणि जे इतरांना जगवते ते त्यांना मारते. पाऊस आणि ऊन यांच्यातला तोल किंचित ढळला तरी सरोवराचा रहिवासी बदलतो, तो यामुळे.

आता रंगाकडे. उथळ, खारट पाण्यावर ऊन प्रखर असते आणि त्या उन्हाने पेशींची हानी होते. ड्युनालिएला तेव्हा बीटा कॅरोटीन साठवते. गाजराला नारिंगी करणारे द्रव्य ते हेच. ऊन भरपूर, मीठ भरपूर आणि पोषण तुटपुंजे असे तिन्ही जुळून आले की या शैवालाच्या कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत बीटा कॅरोटीन असू शकते. ऑस्ट्रेलियात हट लगूनजवळ त्याची शेतीच केली जाते. हॅलोआर्कियांकडे बॅक्टेरिओरुबेरिन नावाचे वेगळे लालसर द्रव्य असते आणि तेही उन्हापासून बचाव करते. त्यातल्या काहींकडे बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे जांभळे प्रथिनही असते. सूर्यप्रकाशातून थेट ऊर्जा मिळवणारे हे प्रथिन १९७१ मध्ये ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी ओळखले. तिसरा भिडू ‘सॅलिनिबॅक्टर रुबर’ हा लाल जिवाणू. स्पेनमधल्या मिठागरांत सापडलेल्या या जिवाणूचे वर्णन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे तिघेही दूरच्या नात्याचेसुद्धा म्हणता येणार नाहीत. एक शैवाल, दुसरे आर्किया, तिसरा जिवाणू. जीवसृष्टीच्या वृक्षावर एकमेकांपासून इतक्या लांब असलेल्या तिघांनी एकाच परिस्थितीला तांबूस रंगाने उत्तर द्यावे, यातच या रंगाचे मूळ परिस्थितीत आहे, एखाद्या विशिष्ट जीवात नाही, याचा पहिला पुरावा आहे.

या तिघांपैकी पाणी प्रत्यक्षात कोण रंगवते, हा प्रश्न जुना आहे. फ्रान्समध्ये मॉंपेलियेच्या परिसरातल्या मिठागरांचे पाणी लाल का होते, याचा शोध एकोणिसाव्या शतकात घेतला जात होता. त्या पाण्यातल्या ‘आर्टेमिया’ या इवल्या कोळंबीसारख्या जीवावर काहींचा संशय होता. मिशेल दुनाल यांनी १८३८ मध्ये त्या पाण्यातल्या सूक्ष्म लाल पेशींकडे लक्ष वेधले, आणि पुढे १९०५ मध्ये त्या शैवालाला त्यांच्याच नावावरून ड्युनालिएला म्हटले गेले. मग बराच काळ रंगाचे श्रेय या शैवालाला मिळत राहिले, आणि ते पटण्यासारखेही होते, कारण मोजले तर पाण्यात सर्वांत जास्त रंगद्रव्य ड्युनालिएलाचेच भरते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले आहरोन ओरेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये मिठागरांच्या पाण्यात प्रकाश नेमका कुठे शोषला जातो ते तपासले, तेव्हा वेगळे चित्र दिसले. ड्युनालिएलाचे बीटा कॅरोटीन पेशीतल्या बारीक तेलकट गोळ्यांत दाटीवाटीने कोंबलेले असते, म्हणून पाण्यातून जाणाऱ्या प्रकाशावर त्याचा प्रभाव त्याच्या प्रमाणाच्या मानाने कमी पडतो. हॅलोआर्कियांचे द्रव्य मात्र कोट्यवधी सुट्या पेशींच्या आवरणांत सगळीकडे पसरलेले असते. त्यामुळे अशा पाण्याचा रंग मुख्यतः हॅलोआर्किया ठरवतात. लोणारच्या पाण्यातही तेच आढळावे, यात आश्चर्य नाही.

रंग क्षारतेचा हिशेब दाखवतो, या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकने दिला आहे, आणि तोही प्रयोग करण्याचा कुणाचा हेतू नसताना. या सरोवरावरून रेल्वे नेण्यासाठी १९५९ मध्ये दगडमातीचा भराव टाकला गेला आणि सरोवराचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग झाले. बेअर, वीबर आणि जॉर्डन या नद्या दक्षिण भागात येतात. उत्तर भागाला एकही मोठी नदी मिळत नाही. भरावातून पाण्याची ये-जा मोजकीच राहिली. हवा तीच, ऊन तेच, मूळ पाणीही तेच. बदलला तो फक्त गोड्या पाण्याचा वाटा. उत्तर भागातले क्षार वाढत वाढत पंचवीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मीठ तळाशी बसू लागते त्या सीमेपर्यंत पोहोचले आणि तो भाग गुलाबी झाला. दक्षिण भाग निळा-हिरवाच राहिला. आज अंतराळातून पाहिले तर त्या भरावाच्या रेघेवर दोन रंग एकमेकांना चिकटून उभे दिसतात. रॉबर्ट स्मिथसन यांनी १९७० मध्ये ‘स्पायरल जेटी’ ही प्रसिद्ध शिल्पकृती उभारण्यासाठी उत्तर किनारा निवडला, त्यामागे तिथल्या तांबड्या पाण्याचे आकर्षण होते. याच सरोवरात आणखी एक गोष्ट उलगडते. दक्षिण भागात आर्टेमिया विपुल आहेत आणि त्या शैवाल फस्त करतात. उत्तर भागाची क्षारता त्यांना सोसत नाही, त्यामुळे तिथल्या रंगीत जीवांना खाणारे फारसे कुणी उरत नाही. क्षार वाढले की रंगणाऱ्यांना जागा मिळते आणि त्यांचे शत्रूही हटतात, असा दुहेरी परिणाम होतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. क्षार वाढल्याने रंग येत असेल, तर जगातल्या अतिखारट पाण्यांत गणला जाणारा मृत समुद्र कायम गुलाबी का नाही? त्याची क्षारता ३४ टक्क्यांच्या घरात आहे आणि तो बहुधा निळाच असतो. उलट १९८० आणि १९९२ मध्ये तिथे अपवादात्मक पावसाचे हिवाळे आले, वरच्या थरात गोडे पाणी मिसळले, तो थर सौम्य झाला आणि मग समुद्र तांबूस झाला. म्हणजे इथे रंग आला तो क्षार कमी झाल्यामुळे. वरवर पाहता हा पुरावा आधीचे सगळे म्हणणे मोडून काढतो. प्रत्यक्षात तो त्याला अधिक नेमके करतो. मृत समुद्रात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार इतके आहेत की एरवी ड्युनालिएलालाही तिथे वाढता येत नाही. वरचा थर सौम्य झाल्यावर आधी ड्युनालिएला फोफावली, तिने तयार केलेल्या अन्नावर मग हॅलोआर्किया वाढल्या आणि पाणी रंगले. पुढच्या काळात थर पुन्हा मिसळले आणि रंग गेला. यातून निघणारा निष्कर्ष असा, की ‘जितके जास्त मीठ तितका जास्त गुलाबी’ असा नियम नाही. रंगाला खालची एक सीमा आहे आणि वरची एक. त्या दोहोंमध्ये ऊन, ऊब आणि पोषण यांची साथ मिळाली तरच पाणी रंगते. मृत समुद्र एरवी वरच्या सीमेपलीकडे असतो, बहुतेक तळी खालच्या सीमेअलीकडे. पाणी कोणत्या बाजूने सीमा ओलांडून आत आले, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असू शकते.

खालची सीमा ओलांडून बाहेर पडलेली सरोवरेही आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाजवळच्या सरोवराचे नावच ‘पिंक लेक’. आज ते गुलाबी नाही. तिथून अनेक दशके मीठ उपसले जात होते, ते काम २००७ पर्यंत चालले. शिवाय महामार्ग आणि रेल्वेमार्गामुळे सरोवरात येणारा खाऱ्या पाण्याचा ओघ तुटला. मीठ बाहेर जात राहिले, नवे येईना, क्षारता घसरली आणि रंग उतरला. त्याच राज्यातल्या मिडल आयलंड या बेटावरच्या, मॅथ्यू फ्लिंडर्स यांनी १८०२ मध्ये नोंदवलेल्या हिलियर सरोवराचा रंगही २०२२ मधल्या जोरदार पावसानंतर फिका पडला. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या रेट्बा सरोवरात त्याच वर्षी पुराचे पाणी शिरले. तिथे मीठ काढणारे कामगार त्वचा वाचवण्यासाठी अंगाला शिया या झाडाच्या बियांचे लोणी चोळून तासन् तास पाण्यात उभे राहतात. पुरात त्यांचे काठावरचे मिठाचे ढीग वाहून गेले, पाण्याची खोली वाढली आणि गुलाबी रंगही गेला. रंग गेल्याचे दुःख पर्यटकांना झाले. मीठ गेल्याचे नुकसान मात्र तिथल्या कुटुंबांनी सोसले. कारणे वेगवेगळी, पण तिन्ही ठिकाणी बिघडला तो एकच हिशेब.

मग गुलाबी असणे चांगले की वाईट? इथे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, गुलाबी म्हणजे सरोवर मरणाच्या वाटेवर. त्यासाठी इराणमधल्या उर्मिया सरोवराचा दाखला दिला जातो, आणि तो खोटा नाही. एके काळी सुमारे ५,००० चौरस किलोमीटर पसरलेले हे सरोवर धरणे, शेतीसाठीचा उपसा आणि दुष्काळ यांमुळे आटत गेले. २०१६ मध्ये एप्रिलच्या उपग्रहचित्रात हिरवे दिसणारे त्याचे पाणी जुलैत लाल झाले होते. दुसरे मत म्हणते, गुलाबी हीच सरोवराची शोभा, ती टिकलीच पाहिजे, आणि एस्परन्सचे उदाहरण पुढे करते. दोन्ही मते एकच चूक करतात. ती रंगाला निवाडा मानतात. उर्मियाचा लाल रंग चिंतेचा आहे, कारण त्यामागे नद्यांचे अडवलेले पाणी आहे. एस्परन्सचे निळेपण चिंतेचे आहे, कारण त्यामागे तोडलेला ओघ आहे. रंग उलट, पण दोष एकाच जातीचा. निवाडा करायचा तर त्या सरोवराची स्वतःची रीत काय होती, ऋतूंप्रमाणे ते किती हलत असे आणि त्या हालचालीच्या बाहेर त्याला कुणी ढकलले, हे पाहावे लागते. एका उन्हाळ्यात आलेला आणि पावसाने गेलेला रंग निराळा, आणि दहा वर्षे न हटणारा रंग निराळा.

या कसोटीवर लोणारकडे परत पाहू. दख्खनच्या बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले हे विवर साधारण १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. पूर्वी त्याचे वय ५२,००० वर्षे मानत, नंतरच्या आर्गॉन कालमापनाने ते सुमारे ५.७ लाख वर्षे ठरवले. इथे पाणी पावसातून आणि ‘धार’ या नावाच्या व इतर झऱ्यांतून येते. बाहेर जाणारा ओढा नाही. जाते ते फक्त वाफ होऊन. भोवतालच्या बेसाल्टमधून विरघळून आलेले क्षार मागे साठतात. त्यातला कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने तळाशी बसतो आणि सोडियम पाण्यात उरतो, म्हणून हे पाणी नुसते खारे नसून सोड्याचे आहे आणि त्याचा सामू १० च्या आसपास असतो. एरवीचा हिरवा रंगही जीवांचाच असतो, स्पिरुलिनासारख्या नीलहरित जिवाणूंचा. २०२० च्या उन्हाळ्यात पाणी आटले, क्षार आणि सामू वाढले, टाळेबंदीमुळे माणसांची ढवळाढवळही थांबली होती, आणि हॅलोआर्कियांना संधी मिळाली, असे आघारकर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सांगितले. नमुन्यांतले जीव तळाशी बसले की वरचे पाणी नितळ होई, हेही त्यांनी नोंदवले. रंग पाण्यात विरघळलेल्या खनिजाचा असता तर तो असा खाली बसला नसता. उल्केतल्या लोहामुळे पाणी रंगले असावे, हा तर्क इथेच संपतो.

लोणारबाबत दोन शंका उरतात. पहिली अशी, की या सरोवराचे पाणी ग्रेट सॉल्ट लेकच्या उत्तर भागाइतके खारट कधीच नसते, मग तोच नियम इथे कसा लागू होईल? याचे उत्तर सोड्यात आहे. पूर्व आफ्रिकेतली नेट्रॉन आणि मगाडी ही सरोवरे अशाच सोड्याच्या पाण्याची आहेत, तीही लाल होतात आणि तिथे क्षारता आणि अल्कधर्म दोन्ही हवे असलेल्या हॅलोआर्किया राहतात. सीमेचा आकडा प्रत्येक पाण्याच्या रसायनाप्रमाणे बदलतो, पण सीमा असतेच. दुसरी शंका प्रदूषणाची. लोणार गावाच्या सांडपाण्याचा प्रश्न खरा आहे आणि गंभीर आहे. परंतु गोडे, पोषणयुक्त सांडपाणी आत आले तर ते पाणी सौम्य करते आणि हिरव्या शैवालांना खत पुरवते. ते पाण्याला गुलाबीपासून दूर नेते. म्हणून गुलाबी रंग पाहून ‘प्रदूषण झाले’ म्हणणे जितके चूक, तितकेच हिरवा रंग परत आल्यावर ‘आता सगळे ठीक’ म्हणणेही चूक. अलीकडे तर सरोवराची पातळी वाढून काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पाणी आल्याच्या बातम्या आहेत. कुणाला त्यात जलसमृद्धी दिसेल. पण सोड्याच्या सरोवरात वाढणारे गोडे पाणी म्हणजे तिथल्या विशिष्ट जीवसृष्टीच्या पायाखालची जमीन सरकणे होय. गुलाबी रंगाइतका तो बदल नजरेत भरत नाही, म्हणून अधिक सावधपणे पाहायला हवा.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हाच हिशेब माणसे पिढ्यान् पिढ्या हाताने करत आली आहेत. मिठागरात भरतीचे पाणी घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत आटवायचे आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरायचे. त्या शेवटच्या टप्प्यावर पाणी अनेकदा तांबूस होते, आणि ते मिठाच्या फायद्याचे असते, कारण गडद पाणी ऊन जास्त शोषते आणि लवकर आटते. गोव्यातल्या रायबंदरच्या मिठागरांतून हॅलोआर्किया वेगळ्या करून तिथल्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. खारवलेल्या मासळीवर कधी कधी गुलाबी डाग चढतात, तेही याच कुळातल्या जीवांचे काम. मिठाबरोबर ते मासळीपर्यंत पोहोचतात, कारण मिठाच्या खड्यात अडकलेल्या खाऱ्या थेंबातही ते तग धरतात. म्हणजे हे जीव आपल्या किनाऱ्यावर आणि स्वयंपाकघरात आधीपासून आहेत. त्यांना दृश्य व्हायला फक्त योग्य पाणी लागते. मिठागरे बुजवून इमारती उठतात तेव्हा आपण मिठाबरोबर हे ज्ञानही गमावतो, की पाण्याची मात्रा किती, ऊन किती आणि वाट कधी पाहायची.

शेवटचा आक्षेप व्यावहारिक आहे. लोक रंग पाहायला येतात, पर्यटनावर गावाचे पोट चालते, मग रंगालाच महत्त्व द्यायला काय हरकत? हरकत अशी, की रंग टिकवण्यासाठी केलेली प्रत्येक खटपट हिशेबाच्या आड येऊ शकते. गुलाबी पाण्यासाठी झरे वळवणे आणि हिरव्या पाण्यासाठी गोडे पाणी सोडणे, दोन्ही सारखेच घातक. लोणार १९७९ मध्ये राष्ट्रीय भूवारसा स्थळ ठरले, २००० मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले दुसरे रामसर स्थळ म्हणून नोंदले गेले. इतकी बिरुदे मिळालेल्या सरोवराची पातळी, क्षारता, सामू आणि झऱ्यांचा ओघ दर महिन्याला मोजून ते आकडे काठावरच्या फलकावर आणि संकेतस्थळावर मराठीत सर्वांसाठी मांडले गेले पाहिजेत. या कामाला मोठा खर्च नाही, सातत्य लागते. पुढच्या वेळी पाणी गुलाबी झाले, किंवा अनेक वर्षे झालेच नाही, तर अफवांपेक्षा आधी आकडे बोलतील. शाळा-महाविद्यालयांतल्या विज्ञान शिक्षकांनी ही मागणी लावून धरावी, आणि लोणारला जाणाऱ्या प्रत्येकाने पाण्याचा रंग पाहून झाल्यावर तिथल्या कार्यालयात एकदा तरी विचारावे, की या महिन्याची पातळी किती आणि सामू किती. विचारणारे वाढले की मोजणारेही वाढतील.